कापलेलं आठवं ठिकाण

आमची ताई जगाला फिरायला लावते आणि स्वतः खुर्ची सोडत नाही, असं मी येईल त्याला सांगायचो. ती चिडायची, पण ते खरंच होतं. एका प्रवासी मासिकासाठी ती ‘एका दुपारी सात ठिकाणं’ अशा धाटणीची टिपणं लिहायची. प्रत्येक ठिकाणाखाली मोजक्या ओळी: काय बघाल, कुठे बसाल, किती वेळ लागेल. तिने ‘इथे पाण्याचा नळ आहे’ असं लिहिलं की तिथे नळ असायचाच.

असायचाच, कारण छापायला जाण्याआधी बाबा तो रस्ता चालून यायचे. आई गेल्यापासून हेच त्यांचं काम. हातात कागद, कानामागे पेन्सिल. परत आले की ताईची खरडपट्टी. “हे बाक भर उन्हात आहे. माणूस भाजून निघेल. बदल.” ताई निमूट बदलायची. संपादकाचंसुद्धा तिने इतकं कधी ऐकलं नाही.

अलीकडे बाबांना चहा घेतला की नाही तेही आठवेनासं झालं. पण कागद हातात असला की रस्ता चुकत नसत. म्हणून ताईने त्यांचं काम काढून घेतलं नाही, फक्त त्यांच्यामागे मला पाठवू लागली.

मग नदीकाठाचं टिपण आलं. ताईने आठ ठिकाणं लिहिली, संपादक म्हणाले सातच. आठवं होतं होड्यांचा जुना धक्का. तिथल्या तिकीट खिडकीत आईने सगळी नोकरी केली. आता होड्या बंद आहेत, खिडकीवर फळ्या ठोकल्यात. ताईने तेच कापलं.

बाबांनी नवा कागद उलटसुलट करून पाहिला. “धक्का कुठाय गं?”

“तिथे बघण्यासारखं काही राहिलं नाही, बाबा.”

बाबांनी कागद टेबलावर ठेवून दिला. ताईचं चुकलं नव्हतं, तरी मला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंघोळीला गेलो आणि तेवढ्यात बाबा एकटेच निघून गेले. टेबलावरचा कागदही नव्हता. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. “कागद नेलाय ना? मग त्याच रस्त्याने गेले असतील. चल,” म्हणाली आणि चप्पल कशीबशी पायात सरकवून धावत सुटली. स्वतःचं टिपण ती पहिल्यांदाच चालत होती. घंटाघरात बाबा नव्हते. बागेत नव्हते. प्रत्येक ठिकाणी ती आधी बाकाकडे बघायची आणि बाक रिकामं दिसलं की माझा हात अजून घट्ट धरायची. मला वाईटसाईट दिसू लागलं होतं. नदी शेजारीच होती.

सातवं ठिकाण पुलाखालचं जुन्या पुस्तकांचं दुकान. दुकानदार म्हणाला, “आले होते की आजोबा. कागद बघत बराच वेळ उभे होते. एक राहिलंय म्हणाले, आणि गेले पुढे.”

 ताई अशी पळाली की मला तिला गाठता येईना.

बाबा धक्क्यावर होते, फळ्या ठोकलेल्या खिडकीसमोरच्या पायरीवर. कागदाच्या तळाशी पेन्सिलीने वेडंवाकडं ‘८’ काढून ठेवलेलं. ताईला बघून रागावले. “सातावर सोडून दिलंस लोकांना? पुढे कुठे जायचं त्यांनी?”

“चुकलं, बाबा. उठा, घरी जाऊ.”

“असं कसं? आईची ड्युटी सुटू दे. चौघं जाऊ.”

 आई नाही हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि मी ताईकडे बघत राहिलो. ती त्यांच्या शेजारी टेकली. त्यांच्या हातून कागद आणि पेन्सिल घेऊन त्या आठाच्या पुढे धक्क्याचं नाव लिहिलं, खाली नेहमीसारखं ‘किती वेळ लागेल’ लिहिलं, आणि तिथे थांबली.

“इथे किती वेळ लिहू, बाबा?”

“घाई कसली आहे?” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. “बस की जरा.”