हलकं वाजवायचं

आठवीनंतर शाळा सुटली आणि वाशीमहून सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या कारखान्यात आलो, तेव्हापासून लूमवरच आहे. गाणाऱ्या ताई आमच्या कारखान्यात आल्या त्या गाण्यात वापरायला लूमचा आवाज रेकॉर्ड करून न्यायला. त्यांचा तिघांचा ग्रुप. ताई गातात, एक गुजराती भाई गिटार वाजवतो, दुसरा लॅपटॉपवर ठेका लावतो. गाणी ब्राझीलकडची, बोसा नोव्हा म्हणतात ती, कानात कुजबुजल्यासारखी. मी बॉबिनच्या पेटीवर बोटं वाजवत उभा होतो, ते ताईंनी पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हातात दिला शेकर. म्हणजे खुळखुळाच. शेजारच्या लूमवरचा खानदेशी दोस्त म्हणाला, "काय भो, बारसं कोणाचं?"

मला हलकं वाजवणं जमेना. गावाकडे वरातीत वाजवलेलं, तिथे हळू वाजवणाऱ्याला कोण विचारतो. ताईंनी स्पष्टच सांगितलं होतं, पहिल्या कार्यक्रमात जमलं तर मी ग्रुपात, नाहीतर लॅपटॉपमधला खुळखुळा आहेच.

कार्यक्रम संध्याकाळी, एका कॅफेच्या गच्चीवर. पहिल्याच गाण्यात माझा आवाज ताईंच्या वर गेला. कळत होतं, पण हात ऐकेना. ताईंनी गाता गाता माझ्याकडे बघून तळवा खाली दाबला. हळू, असं त्यांना म्हणायचं होतं. पण कारखान्याच्या खडखडाटात आमचं सगळं बोलणं हातांनी चालतं, आणि खाली दाबलेला तळवा म्हणजे मशीन बंद कर. मी बंद केलं.

लॅपटॉपवाल्या भाईला वाटलं, सगळ्यांनाच थांबायला सांगितलंय. त्यानेही ठेका काढून घेतला. उरली गिटार आणि ताईंचा बारीक आवाज. कोणीतरी टेबलावर चमचा ठेवला, तोही ऐकू आला. परत सुरू करावं तर कुठून, न करावं तर गेलोच. ताई माझ्याकडे बघेनात. ध्रुवपद आलं तसा मी खुळखुळा नुसता कलता केला, दाणे इकडून तिकडे सरकतील एवढाच. लॅपटॉपवाल्या भाईने हळूच ठेका माझ्या आवाजाखाली आणून ठेवला. पुढची सगळी गाणी मी श्वाससुद्धा जपून घेतला.

जिना उतरताना म्हणालो, "चुकलो ताई. मला वाटलं, बंदच करायचं."

"चुकलासच," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "पण नंतर वाजवलंस ते कसं?"

"घाबरून."

गिटारवाला भाई मागून हसला. ताई हसल्या नाहीत. "मग रविवारी तालमीला ये. असाच घाबरून ये."

रविवारी माझी दिवसपाळी होती, खानदेशी दोस्ताची रात्रपाळी. ती बदलून घ्यायला मी रस्त्यातूनच दोस्ताला फोन लावला.