पांढरी तीनची बासरी

“आधी बोल,” असं म्हणून बाई डोळे मिटायच्या.

बासरी मागायला कुणीही येवो, त्याला पहिल्यांदा बोलावं लागे. काय बोलायचं ते बाई सांगत नसत. माणूस गोंधळायचा, मग नाव-गाव सांगायचा, रिक्षावाल्याने कसं लांबून फिरवून आणलं ते सांगायचा. बाई ऐकत बसायच्या. मग पाठीमागच्या हंड्यात हात घालून एक बासरी काढायच्या आणि म्हणायच्या, “ही घे. बाकीच्यांना हात लावू नकोस.”

त्या हंड्यावरूनच आमची ओळख झाली. पुढे भांडणही झालं. ते भांडण माझ्या बाजूने अजून मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मालाडच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान. फूटपाथवर पातेली मांडून सुरुवात केलेली, त्यामुळे शेवटचा शब्द माझाच असायचा. बाई दुकानात आल्या आणि एकेका हंड्यावर बोटाचं पेर वाजवून कान लावू लागल्या. पाचवा-सहावा हंडा वाजला तेव्हा माझं डोकं फिरलं. “बाई, घ्यायला आलात की वाजवायला?” मी विचारलं.

“न वाजवता घेतात होय?” त्या म्हणाल्या. एक हंडा निवडला आणि मी सांगितला तो भाव मुकाट देऊन टाकला. घासाघीस न होता माल गेला की मला लुबाडल्यासारखं वाटतं. वर आणखी जाता जाता म्हणाल्या, “तू फार वर बोलतोस. गळा दुखत नाही?”

हंडा पोचवायला मीच गेलो. अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे चाळ होती, तिथे त्या एकट्या राहायच्या आणि शाळेत गाणं शिकवायच्या. काठीला बासऱ्या खोचून फिरणारे विक्रेते त्यांच्या दारात आपणहून थांबत. बाई काठीवरच्या सगळ्या बासऱ्या फुंकून पाहायच्या आणि त्यातल्या दोन-तीन ठेवून घ्यायच्या. त्याच पुढे ज्याच्या त्याच्या हाती जायच्या.

तुमच्यापैकी ज्यांनी पेटी जवळून पाहिली आहे त्यांना पट्टी म्हणजे काय ते ठाऊक असेल. गाणारा पेटीची जी काळी किंवा पांढरी पट्टी आपला सा धरतो, ती त्याची; चौथी काळी असेल तर ‘काळी चार’. पेटीवाल्याला बोट सरकवून पट्टी बदलता येते. बासरीला ते नाही. बांबूला भोकं पडली की तिचा सा कायमचा ठरला; लांब बासरीचा खालचा, आखूड बासरीचा वरचा. म्हणून निवडायची ती आधीच नीट निवडायची.

एकदा माझ्यासमोर शेजारची नवी सून आली. बोलली ती इतकं हळू, की बाईंनी डोळे उघडले आणि तिला म्हणाल्या, खाली भाजीवाला चाललाय, त्याला थांबव. पोरगी गॅलरीत गेली आणि तिने अशी खणखणीत हाक दिली की भाजीवाला गाडीसकट मागे वळला. बाईंनी हंड्यातून आखूड बासरी काढली. “काळी पाच. हाक मारतेस ती तुझी पट्टी, कुजबुजतेस ती सासरची.”

मी हे मजा म्हणून पाहत होतो. मग माझ्यावरच वेळ आली.

माझे वडील गिरणीत होते आणि भजनात बुवा. कोकणातल्या आमच्या वाडीत त्यांना ‘काळी चारचे बुवा’ म्हणायचे. दोन बुवा समोरासमोर बसून भजनाची बारी करतात तेव्हा चढ्या पट्टीत शेवटपर्यंत टिकतो तो खरा. पट्टी उतरवली की माणूस उतरला. लहानपणापासून त्यांच्या साथीला मी बासरीवर. गिरणी बंद पडल्यावर ते माझ्याकडे मालाडला आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण जाड आणि खालचा. मारुतीच्या देवळातल्या शनिवारच्या भजनात त्यांनी काळी चार धरली आणि आवाज मधेच फाटला. मागून कुणीतरी म्हणालं, “बुवांची पट्टी उतरली.”

मी त्याची कॉलर धरली. त्या झटापटीत माझी बासरी पायाखाली चिरडली. वडील घरी आले ते गप्प झाले. संध्याकाळची आरतीसुद्धा ते मनात म्हणू लागले.

काही दिवसांनी मी बाईंकडे गेलो आणि काळी चारची बासरी मागितली. कुणासाठी ते कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग त्यांना घेऊन ये.”

वडिलांना कसंबसं नेलं. चप्पल काढताना ते खाकरले आणि भिंतीला टेकून बसले. “बुवा, बोला काहीतरी,” बाई म्हणाल्या. ते बोलेनात. मग मीच बोललो: त्यांची काळी चार आहे.

“नाही,” बाई म्हणाल्या. “दारात खाकरले तेवढ्यात कळलं.”

“मग पांढरी पाच द्या.”

“नाही.”

“काळी तीन. यापुढे मी उतरणार नाही.”

“भांडीवाले, हा बाजार नाही.”

मी चिडलो. म्हटलं, काल आलेल्या बाईने आमच्या घरची पट्टी ठरवायची? माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. तेव्हा भिंतीकडून वडील म्हणाले, “बाजारात इलंस काय रे? बाईंका कित्याक तरास देतस?”

बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी हंड्यातली सगळ्यांत लांब बासरी काढली. पांढरी तीन. त्यांनी नुसता सा लावला. कुणाला गा म्हटलं नाही. श्वास संपला, थांबल्या, पुन्हा तोच सा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा खालून एक घरघर ऐकू आली. मला वाटलं, इस्टेटमधलं एखादं मशीन सुरू झालं.

ते वडील होते. जमिनीकडे पाहत, तोंड अर्धवट उघडून, त्या सुराला टेकले होते. हळूहळू घरघर निवळली. तिच्यातून जो आवाज निघाला तो मी जन्मात ऐकला नव्हता. आणि तरी तो त्यांचाच होता. काळी चारच्या खाली तो इतकी वर्षं कुठे होता, कोण जाणे. बाई मात्र हंड्यातल्या बासऱ्या सारख्या करत होत्या.

सूर सोडून वडील म्हणाले, “हयसर, ह्या पट्टीत, बसाक जागा आसा.”

बासरी मी हातात घेतली तर भोकं एकमेकांपासून एवढी लांब की बोटं पुरेनात. तसं म्हणालो. बाई म्हणाल्या, “तुझी बोटं ताणायची. त्यांचा गळा नाही.”

बोटं ताणली. नंतरच्या एका शनिवारी वडील पुन्हा मारुतीसमोर बसले. पेटीवाल्याने विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पांढरी तीन सांगितली. दोघांतिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला अभंग झाला, आणि त्यांनी पाहणं सोडलं. त्यानंतर वडील होते तोवर त्यांचा शनिवार चुकला नाही.

आता माझं भांडण. ज्याला त्याला बाईंनी पट्टी दिली, मला नाही. वडिलांच्या साथीची झाली, पण माझी स्वतःची कोणती? मी पुष्कळदा विचारलं. प्रत्येक वेळी त्या डोळे मिटायच्या, ऐकायच्या, आणि मान हलवायच्या. “तू अजून गिऱ्हाइकाशी बोलतोयस. आवाज उतरला की ये.” चिडून मी जाणं कमी केलं.

वडील गेले. काही महिने माझ्याने कुणाशी भांडणं झालं नाही. मग एका दुपारी मी अंधेरीला गेलो. जिना चढलो. गॅलरीत माझ्या दुकानातला हंडा होता, पाण्याने भरलेला, वर ताटली. दारात एक अनोळखी बाई धान्य निवडत होती. तिने विचारलं, कोण पाहिजे?

“इथे बाई राहायच्या,” मी म्हणालो. “बासरीवाल्या.”

त्या खोली सोडून गेल्या, कुठे ते ठाऊक नाही, असं ती म्हणाली. पण मी ऐकत होतो ते माझा स्वतःचा आवाज. खूप खालून आला होता. बाईंनी डोळे उघडायची वाट पाहावी, तसा मी सवयीने तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.