नैवेद्याआधीची साखर

आमच्या गल्लीतल्या अध्यात्म केंद्रात दर गुरुवारी सामूहिक पारायण असते. पोथी मिटेपर्यंत उठायचे नाही आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, हा तिथला नियम. मुलांनो, मला नियम किती प्रिय आहेत, ते तुम्ही भोगले आहे. पण मूर्खपणाला शिस्त म्हणणे मला जमत नाही.

गेल्या गुरुवारी माझ्या शेजारी देऊळघाटची एक बाई बसली होती. तिला शुगर आहे, आणि सकाळी इन्शुलिन घेऊन ती उपाशीच आली होती. मध्येच तिची साखर एकदम उतरली आणि तिला दरदरून घाम फुटला.

"आजी, मले गरगरून राह्यलं," ती पुटपुटली.

मी पुढे बसलेल्या सेवेकरी बाईंना सांगितले. त्या मान न वळवता म्हणाल्या, "चारच पानं राह्यली. नाम घे म्हणा तिले, देव पाहून घेईन."

"देवाले काऊन तरास देता?" म्हणत मी उठले, नैवेद्याच्या वाटीतली साखर घेतली आणि तिच्या तोंडात घातली.

"आजीनं नैवेद्य उष्टा केला!" एकच गलका झाला. नवी वाटी भरली गेली. मग त्याच सेवेकरी बाईंनी प्राणिमात्रांत देव कसा पाहावा, हे अर्धा तास शिकवले.

आणि जिच्यासाठी हे केले, ती हुशारी येताच देवापुढे नाक घासून माफी मागू लागली. पुढच्या गुरुवारीही ती उपाशीच येणार. म्हणून मीही जाणार आहे, पदराला गूळ बांधून.