दुपारचं भ्या

घरात आल्या आल्या ते आधी टीव्हीच्या पाठीला हात लावायचे. लेकराला ताप आलाय का बघावं तसा, पंजा पालथा करून. मग माझ्याकडं वळून म्हणायचे, "थंड हाय की. बाई, तुमी काहीच बघंना झालाव."

चित्र हलतंय म्हणून त्यांना बोलावलेलं मी, आणि वर बोलणीही मीच खायची.

ते आमच्या कॉलनीचे केबलवाले. खांद्यावर वायरचं भेंडोळं, मागच्या खिशात पक्कड आणि शर्टाच्या खिशात लाल दोऱ्यात ओवलेला पेनड्राईव्ह. कळंबात त्यांचा पाय लागला नाही अशी जुनी गच्ची सापडायची नाही. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, कारण मी शाळेत शिकवते, आणि आमच्याकडं शिकवणाऱ्या बाईला दुसरं नाव नसतं.

वायर ठीक झाली की पक्कड खिशात सारत ते हळूच विचारायचे, "भ्याचं काही बघणार का?"

तुम्ही म्हणाल, केबलवाला म्हणजे देवाधर्माच्या मालिका सुचवील, कुस्त्या सुचवील, फार तर जुनी गाणी. आमचे काका फक्त भुताचे सिनेमे सुचवायचे. तेही आले कधी आणि गेले कधी हे बनवणाऱ्यालाही कळलं नसेल असे. कुठल्या तरी लांबच्या देशातले, न कळणाऱ्या भाषेतले, कुणी नाव न घेतलेले. "गाजलेलं नको," ते म्हणायचे. "गाजलेलं समद्यांनी बघितलंय. त्यातलं भ्या कवाच निघून गेलंय."

त्यांचे नियम कडक होते. एकट्यानं बघायचं नाही. आणि रात्री तर मुळीच नाही. "रातचं कुणीबी भितंय, बाई. मांजर आडवं गेलं तरी भितंय. दुपारी, ऊन असताना, भाईर भाजीवाला वरडत असताना भिववंल तो खरा पिक्चर."

धाडकन आवाज करून अंगावर येणाऱ्या सिनेमांचा त्यांना भारी राग. म्हणायचे, "दचकणं येगळं, भिणं येगळं. दचकायचंच असंल तर तेरखेड्याहून सुतळी बॉम्ब आणा. पिक्चर कशाला?"

आमच्या ह्यांचं मार्केट यार्डात आडत दुकान आहे. सौद्याला उभे राहिले की ह्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. काकांनी दिलेला पहिला सिनेमा आम्ही एका रविवारी जेवणं आटोपल्यावर लावला. एक बाई रोज एक ताट जास्त वाढून ठेवते आणि जेवायला कुणीच येत नाही, एवढंच त्यात होतं. बराच वेळ हे जांभया देत होते. मग एके दिवशी त्या ताटातला एक घास कमी झालेला दिसतो. घरात फक्त ती बाई, आणि तिनं तर ताटाला हातही लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी काका हजर. टीव्हीच्या पाठीला हात लावून झाला आणि ह्यांना विचारलं, "कुठं भ्यालाव?"

"भितंय कोण," हे म्हणाले.

काकांनी गादीवरचा लोड उचलून उलटा केला. "मंग ह्याची शिवण कशी उसवली?"

तेव्हापासून आमच्या घरी रविवारची दुपार काकांची झाली. नुसत्या आमच्याच नाही, कॉलनीत चार-सहा घरं त्यांनी अशी लावली होती. माणूस बघून औषध द्यावं तसा ते माणूस बघून सिनेमा द्यायचे. ज्याचं नुकतंच कुणी गेलंय त्याला मेलेला माणूस परत येतो तसला द्यायचे नाहीत. घर बांधायला काढलेल्याला घराचं भूत द्यायचे नाहीत. "बांधून होऊ द्या," म्हणायचे.

वाईट सिनेमांवरही त्यांची माया होती. एका सिनेमात भुताच्या झग्याची पाठीवरची चेन स्पष्ट दिसत होती. मी हसले तर ते रागावले. "बाई, त्याच्याजवळ पैशे नसतील. तरी त्यानं भूत उभं केलं का न्हाय? अन् ज्याच्याजवळ तेवढेबी नसतात ना, तो भूत दाखवतच न्हाय. नुसतं दार दाखवतो, नुसती हालणारी दोरी दाखवतो. तो लई भिववतो."

दर वेळी तोच प्रश्न, "कुठं भ्यालाव?" नुसतं "भीती वाटली" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कुठल्या ठिकाणी, तेव्हा काय दिसत होतं, आणि भ्यालात तेव्हा हातानं काय धरलं? हे शेवटचं ते नेहमी विचारायचे, आणि लोकांना ते फार गमतीचं वाटायचं. मलाही वाटायचं, येळवशीपर्यंत.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही शेतात जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंबील आणि मिश्र भाज्यांची भज्जी घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू खाटेवर होत्या. त्यांना लकवा होऊन गेला होता हे ठाऊक होतं, पण अशा बघितल्या नव्हत्या. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, नजर भिंतीवर. खाटेच्या डाव्या अंगाला काकांची खुर्ची, प्लास्टिकची, एक दांडी मोडलेली आणि वायरला लावतात त्या काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळून सांधलेली. काका खुर्चीत बसले होते. त्यांनी आपला हात गादीवर उताणा ठेवला होता आणि त्यावर काकूंचा डावा हात. समोर टीव्ही चालू. पडद्यावर कुणीतरी कंदील घेऊन जिना उतरत होतं.

"काकूंना आवडतं का हे?" मी विचारलं.

काका हसले. मग टीव्हीचा आवाज बारीक करून सांगत बसले.

"लग्नाला वरीस व्हायला आलं हुतं. घरात आई-बाप, थोरले भाऊ, भावजया. दिवसा बायकूशी बोलायची सोय न्हाय. पाणी मागायचं तरी आईकडं मागायचं. पुतण्याच्या जावळाला आमी व्हिडिओ आणला. दुपारीच लावला, खिडक्यांना घोंगड्या बांधून. म्या चौकटीला टेकून हुबा, बायका म्होरं बसलेल्या. भूत आलं अन् समद्या बायका वरडत माघं सरकल्या. त्या रेटारेटीत कुणीतरी माझा हात धरला. बघतो तर ही. शेवटापातूर सोडला न्हाय. म्होरं सासरा मांडी घालून बसलाय, अन् ही दिवसाढवळ्या माझा हात धरून हुबी."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या महिन्यात म्या सोताचा व्हिडिओच इकत घेतला."

असा त्यांचा धंदा सुरू झाला. आधी भाड्यानं व्हिडिओ, नंतर केबल. बेंबळीच्या माहेराहून कुणी आलं की काकू सांगायच्या म्हणे, आमच्या ह्यांना भुताचं लई वेड. काका ऐकून घ्यायचे. पिक्चर भुताचा असला की त्या जवळ येऊन बसायच्या, आणि घरातल्यांनाही त्यात वावगं वाटायचं नाही, कारण बाईमाणूस भिणारच.

"डावा हात चांगला हाय तिचा," ते म्हणाले. "लातूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, काही झालेलं न्हाय त्या हाताला. पण ती काही धरतच न्हाय, बाई. चमचा दिला, सोडून देती. माझा हात ठिवतो तिच्या हाताखाली, तर नुसता पडून ऱ्हातो. मला वाटतंय, भ्याली तर धरंल."

टीव्हीकडं हात करून ते पुढं सांगू लागले.

"पण तिनं समदे बघितलेत माझ्यासंगं. भूत कुठं येणार ते तिला आधीच ठावं असतं. म्हणून कुणी न बघितलेले हुडकतो. अन् म्या इतके बघितलेत की मला आता भ्याच वाटत न्हाय. कुठला भिववंल अन् कुठला न्हाय, ते मला कळंना झालंय. म्हणून तुमच्या घरी देतो."

म्हणजे आम्ही सगळे चाखून बघणारे होतो. स्वयंपाक करणाऱ्याच्या जिभेची चव गेली की तो दुसऱ्याला मीठ बघायला सांगतो, तसे.

ही गोष्ट मी कॉलनीत सांगितली नाही, पण अशी गोष्ट कळंबात सांगावी लागत नाही. ती आपली आपण फिरते. आणि ती फिरल्यावर एक भलतंच झालं. काकांना बरं वाटावं म्हणून लोक भ्यायला लागले. कसलाही फुसका सिनेमा असो, "लई भ्यालो काका, रात्री झोप न्हाय आली." आमचे हेसुद्धा, ज्या सिनेमात घोरत पडले होते त्याचं वर्णन छातीवर हात ठेवून करायचे. काका तो पेनड्राईव्ह उराशी धरल्यासारखा घरी न्यायचे, दुपारी लावायचे, काकूंच्या हाताखाली हात ठेवून बसायचे. काही व्हायचं नाही. मायेपोटी खोटं बोलायची आमच्या लोकांना सवयच आहे. आजाऱ्याला "छान दिसताय" म्हणतात त्यातलं ते, पण ह्या वेळी ते फार महागात पडत होतं.

शेवटी एकदा ते शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "बाई, तुमी पेपर तपासता. पोराचा बाप म्होरं हुबा ऱ्हायला तरी मार्क वाढवत न्हाय, असं ऐकून हाय. तुमी तरी खरं सांगत जा."

मग मी खरं सांगत गेले. हा नाही. हाही नाही. ह्यात एक जागा बरी आहे, पण फार लवकर येते. काका मान डोलवायचे आणि पेनड्राईव्ह परत खिशात टाकायचे. त्यांचा चेहरा बघून वाटायचं, एकदा तरी हो म्हणावं. म्हटलं नाही.

आणि उन्हाळा लागताना त्यांनी तो दाराचा सिनेमा दिला. त्यात भूत नाही, रक्त नाही, धड गोष्टही नाही. एक म्हातारी खिडकीशी बसून विणत असते आणि तिच्या पाठीमागं एक बंद दार असतं. पुढच्या वेळी ती दिसते तेव्हा दार बोटभर उघडं असतं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी बोटभर. ती मागं बघत नाही. आपण बघत राहतो. बाहेर लख्ख ऊन होतं, हे शेजारी बसले होते, आणि मला तहान लागलेली असताना स्वयंपाकघरात जाववेना, कारण आमच्याही पाठीमागं दार होतं.

"कुठं भ्यालाव?" काकांनी विचारलं.

"ती मागं न बघता थांबते तिथं. विणायच्या सुया हातात तशाच राहतात. आणि काका, मी ह्यांचं मनगट धरलं होतं."

काकांनी पेनड्राईव्ह कपाळाला लावला.

दुसऱ्या दुपारी त्यांनी तो काकूंना लावला. दार अर्धं उघडलं आणि लाईट गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. ते आमच्या अंगणात येऊन चहा प्यायले, आणि इतके खुशीत होते की वीज मंडळालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. "बाई, तिची नजर दारावरच हुती. लाईट गेल्यावरबी पडद्याकडंच बघत ऱ्हायली. उद्या पयल्यापासनं लावतो."

सकाळी दूध आणायला म्हणून ते बाहेर पडले आणि डेअरीच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

मी फार रडले. नात्याचं कुणी गेल्यावर रडते त्याहून जास्त रडले.

सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. काकांच्या थोरल्या बहिणीनं आल्या आल्या टीव्हीवर चादर टाकली. बाहेर मांडव पडला, दुःखाला येणाऱ्यांसाठी घरातल्या खुर्च्या मांडवात गेल्या. दुपार झाली की काकू घशातून आवाज करायच्या. कुणी म्हणे भूक लागली, कुणी म्हणे कूस बदला. बार्शीला दिलेली त्यांची लेक आली होती, तिला कळत होतं. ती म्हणाली, "आत्या, आईची पिक्चरची वेळ झालीय."

आत्या म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील, पोरी. बाप जाऊन दिवस न्हाय झाले, अन् घरात भुताचा पिक्चर."

त्यांचंही चुकीचं नव्हतं. चादर तशीच राहिली, आणि काकू तिच्याकडं बघत राहिल्या. आपला माणूस गेलाय हे त्यांना कळलं होतं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा लेकीनं मला बोलावणं पाठवलं. "बाई, दुपारच्याला येता का? एकट्यानं बघायचं न्हाय, असं बाबा म्हणायचे."

तिनं चादर काढली. पेनड्राईव्ह त्या दिवशीचा टीव्हीलाच होता, लाल दोरा खाली लोंबत होता. पहिल्यापासून लावला. मी खाटेच्या पायथ्याशी बसले, लेक उशाशी. म्हातारी विणत होती. दार बोटभर उघडलं. आणखी बोटभर. अर्धं झालं. मी पडद्याकडं कमी आणि काकूंकडं जास्त बघत होते.

म्हातारीच्या सुया थांबल्या. आणि काकूंचा डावा हात हलला.

तो गादीवरून सरकत खाटेच्या कडेला आला, कडेवरून बाहेर गेला, आणि काकांची खुर्ची असायची तिथं चाचपडू लागला. खुर्ची नव्हती. ती मांडवात गेलेली, तिथंच राहिली होती.

लेकीनं पटकन आपला हात पुढं केला. काकूंनी तो धरला. घट्ट धरला, लेकीच्या बांगड्या वाजल्या. मग त्यांनी अंगठ्यानं तिची बोटं चाचपली, आणि हात सोडून दिला. परत हवेत शोधू लागल्या.

लेक उठून बाहेर गेली. काळ्या चिकटपट्टीची ती खुर्ची घेऊन आली आणि तिच्या जागेवर ठेवली. काकूंचा हात फिरत फिरत दांडीवर आला, चिकटपट्टीवर थांबला, आणि तिथं मिटला.

सिनेमा संपला. लेक म्हणाली, "आई, झाला पिक्चर." काकूंनी दांडी सोडली नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. काकू नेमक्या कुठं भ्याल्या, तेव्हा पडद्यावर काय होतं आणि हातानं काय धरलं, सगळं मला सांगता आलं असतं. विचारायला काका नव्हते.