दोन शून्यं आणि इराणची बाई

हेब्बाळच्या आमच्या गल्लीत आठवडाभर एकच विषय होता: जयसिंगरावांची इराणमध्ये एक बाई आहे. ऑफिसच्या फोनवरून तिच्याशी गुलूगुलू बोलताना सापडले, म्हणून नोकरी गेली. सत्यवतीअक्कांनी गच्चीवर पापड वाळत घालता घालता ही बातमी सोडली, आणि ती तळमजल्यावर पोचेपर्यंत बाईचे केस कमरेपर्यंत वाढले होते.

तर खरं एवढंच, की बाई होती. इराणचीच होती. पण रेकॉर्ड केलेली होती.

जयसिंगराव छप्पन्न वर्षांचे. घराणं इतकं जुनं बेंगळुरूकर, की मराठीत भांडतानासुद्धा दर चौथ्या वाक्याला कन्नडमधलं ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणून माघार घेतात. सव्वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीचं टेलिफोन एक्स्चेंज त्यांनी सांभाळलं. दोन तास बसनं जायचं, दोन तास यायचं, आणि मधल्या वेळात साडेतीनशे टेबलांवरचे फोन बोलते ठेवायचे. कोणाचा कुठला चार आकडी नंबर, हे त्यांना पाठ. बायकोचा वाढदिवस मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात बघावा लागायचा.

मग कंपनीनं ठरवलं, आता फोन इंटरनेटवरून. कपाटाएवढं एक्स्चेंज भंगारात जाणार. पण आतले चार आकडी नंबर इंटरनेटला कळत नाहीत आणि बाहेरचे लांबलचक नंबर आतल्या फोनांना कळत नाहीत. मधे कुणीतरी दुभाषा लागतो: कुठला आकडा गाळायचा, कुठला पुढे जोडायचा, याचे नियम लिहिणारा. ते काम जयसिंगरावांकडे आलं. त्यांचा नवा साहेब क्षितिज, पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, खुर्चीवर कधी सरळ न बसणारा. तो म्हणाला, “जयसिंगराव, टेस्टिंगच्या दिवशी एकही रॉंग कॉल नको. मग नव्या सिस्टिमवर तुमचं नाव मी स्वतः पुढे पाठवतो.”

नोकरी राहणार की जाणार, ते त्या एका दिवसावर आलं.

घोळ होता शून्यांचा. जुन्या एक्स्चेंजवर बाहेरची लाइन घ्यायला एक शून्य दाबावं लागायचं, आणि मोबाइल लावायचा तर आणखी एक. नव्या यंत्रणेत मात्र सुरुवातीला दोन शून्यं म्हणजे परदेश. जयसिंगरावांनी सुचवलं, लोकांच्या बोटांना सवय आहे, दोन शून्यांनंतर इथलाच मोबाइल नंबर आला तर ती गाळून टाकणारा नियम घालू. क्षितिज म्हणाला, जुन्या सवयींसाठी नियम नकोत, परदेशातल्या क्लायंटचे कॉल अडकतील, लोकांनाच शिकवा. सरी, म्हणाले जयसिंगराव. तीन दिवस टेबलाटेबलावर फिरून त्यांनी प्रत्येक फोनवर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: नंबराआधी शून्य लावू नका.

साडेतीनशे चिठ्ठ्या. स्वतःच्या फोनवर तेवढी लावली नाही. लिहिणाऱ्याला काय गरज?

शुक्रवारी टेस्टिंग झालं. सकाळपासून चार वाजेपर्यंत एकही कॉल वाकडा गेला नाही. अकाउंट्समधले म्हातारेसुद्धा चिठ्ठी वाचून शहाण्यासारखे वागले. क्षितिजनं लांबूनच अंगठा दाखवला. जयसिंगरावांना वाटलं, ही बातमी भाग्यलक्ष्मीला, म्हणजे बायकोला, आधी कळली पाहिजे. खिशात मोबाइल होता. पण सव्वीस वर्षं घरी फोन टेबलावरूनच जायचा. हात तिकडेच गेला. शून्य. शून्य. मग अठ्ठ्याण्णवनं सुरू होणारा तिचा नंबर.

आणि अठ्ठ्याण्णव हा निघाला इराणचा कोड.

पलीकडे रेकॉर्ड केलेली एक बाई अतिशय गोड आवाजात फारसीत काहीतरी सांगू लागली. जयसिंगरावांना वाटलं, क्रॉस कनेक्शन. त्यांनी फोन ठेवून पुन्हा लावला. चार वेळा लावला. कंपनीचा इराणशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे कुणीतरी लाइन चोरतंय असं समजून यंत्रणेनं सगळ्या ऑफिसचे बाहेर जाणारे फोन बंद पाडले. चाळीस मिनिटं. सिंगापूरचा एक क्लायंट अर्ध्या वाक्यात तुटला. कुठल्या टेबलावरून काय लागलं, ते स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

सोमवारी क्षितिजचा ईमेल आला: मदतीबद्दल आभार, गुरुवारी गेटपास जमा करावा. त्याच दिवशी भंगारवाला ते कपाट उचलून घेऊन गेला. त्याला दार धरून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जयसिंगरावच थांबले.

छप्पन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेतो? त्यांनी हेब्बाळच्या टेक पार्कात दोन ठिकाणी विचारून पाहिलं. एक्स्चेंज हा शब्द ऐकून तिथल्या मुलीला शेअर बाजार वाटला. आता ते सकाळी बसच्या वेळेला उठतात, दाढी करतात, आणि गॅलरीत उभं राहून बस जाऊ देतात.

परवा जिन्यात सत्यवतीअक्कांनी गाठलंच. हातात नारळ, डोळ्यांत उत्सुकता. “काय जयसिंगअण्णा, इराणची बाई काय म्हणते?”

जयसिंगराव दोन पायऱ्या खाली थांबले.

“ती चारही वेळा समजावून सांगत होती अक्का, तुमचं चुकतंय म्हणून. ऑफिसात एकदाही कुणी सांगायला आलं नाही.”