अमेरिकन विनोद, अलीगंज आवृत्ती

माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात सासरे माझ्या एकाही विनोदाला हसले नव्हते. मी विनोद सांगून संपवला, की ते शांतपणे विचारत, "बरं, मग पुढे?" पुढे काय असणार? मी चहा टाकायला उठत असे.

गेल्या वर्षी ते साताऱ्याहून लखनऊला, आमच्या अलीगंजच्या घरी कायमचे आले आणि टीव्हीवर त्यांना एक अमेरिकन विनोदी नट सापडला. नव्वदीला टेकलेला गृहस्थ. हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर विनोद सांगत सुरुवात केली, सिनेमात आपटला, टीव्हीवर तरला, आणि केस पिकल्यावर बापाच्या गंभीर भूमिका करून त्याने लोकांना रडवलं. सासऱ्यांना त्याचा चेहरा फार आवडे. बोलणं मात्र ऐकू येत नसे. कानाचं यंत्र कपाटात. म्हणून रोज जेवणानंतर मी शेजारी बसून त्यांना मोठ्याने मराठीत सांगायचं ठरलं.

दोन दिवस मी प्रामाणिक राहिलो. विनोद गोल्फवरचे. गोल्फ मलाही कळत नाही. "बरं, मग पुढे?" तिसऱ्या दिवशी तो बायकोच्या खरेदीबद्दल काहीतरी म्हणाला आणि मी त्याच्या बायकोला थेट अमीनाबादच्या बाजारात धाडलं. उशीचा एक अभ्रा आणायला गेली ती चार पडदे, दोन सतरंज्या आणि दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन रिक्षातून परतली.

सासरे इतके हसले की कवळी सावरावी लागली. "काय माणूस आहे!" ते म्हणाले. टीव्हीकडे बघून.

मग मी सुटलोच. त्या बिचाऱ्याने मलिहाबादला चव बघता बघता इतके दशहरी आंबे खाल्ले, की पेटी घ्यायची वासनाच उरली नाही.

"अहो, हे तर तुमचंच झालं होतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हळू बोल!"

मग कॉलेजातली लेक सुट्टीला आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. "पापा, ये सब उसने कब बोला?" मी डोळे वटारले. तिने आजोबांवरच्या प्रेमापोटी पडद्यावर त्याच्या बोलण्याची इंग्रजी अक्षरं सुरू केली, चांगली ठळक. "आजोबा, अब आप खुद पढ़ लीजिए। पापा को थोड़ा आराम।"

सासरे बँकेत साहेब होते, इंग्रजी माझ्यापेक्षा पक्कं. चोवीस वर्षांनी मिळालेलं हसू गेलं, वर लबाडीही उघडी पडणार. मी पेपरामागे लपलो. ते वीस मिनिटं वाचत होते. हसले नाहीत. एकदा चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"ही अक्षरं काढ गं," शेवटी ते नातीला म्हणाले.

"क्यों? छोटे हैं?"

"नाही गं. म्हातारा झालाय तो. आता जमत नाही त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या जावईबापू, तुम्ही सांगा."

मी जाऊन बसलो. पडद्यावर त्याचं बोलणं सुरूही झालं होतं आणि मला काही म्हणता काही सुचेना.

"सावकाश," सासरे म्हणाले. "मी थांबतो."