पॅनलवरचं कुंकू

दसऱ्याचे पाहुणे गेले आणि मागं भांड्यांचा डोंगर राहिला. तेवढ्यात धाकटा दीर निलेश हेल्मेट घेऊन दारात. "वहिनी, फर्दापूरच्या पुढं एका वाडीतलं सोलर बंद पडलंय, दुरुस्तीला निघालोय. येता? येताना लेणी बघू." पाहुण्यांना दाखवून दाखवून लेणी मला पाठ झालीत, पण नवऱ्यावर भांडी टाकून गारखेड्यातून पळायची संधी कोण सोडतं? बसले मागं.

सिल्लोडपर्यंत रस्ता बरा आहे, म्हणजे मणके जागेवर राहतात. भजी तिथंच खाऊन घ्या; फर्दापुरात आपल्यालाही फॉरेनर समजून बिल लावतात. पुढं डांबर संपतं. पावसाळ्यात बाईक नेऊ नका, आणि सासूला तर कधीच नेऊ नका.

या वाडीत सरकारी लाईट यायची ती लहर लागली तर. म्हणून देवळामागं पॅनल, बॅटऱ्या आणि तिथून घरोघरी तारा, अशी वाडीनं स्वतःची वीज केली. त्या विजेवर शोभाबाईंची पिठाची गिरणी चालते. नवरा गेल्यावर शेळ्या विकून घेतलेली. आज ती सकाळपासून ढिम्म होती आणि डबे घेऊन आलेल्या बायका कुरकुरत होत्या, "नायतर जातो बाई फर्दापूरला." गिऱ्हाईक एकदा तिकडं वळलं की गिरणी विकायचीच पाळी. शोभाबाईंचा चेहरा पार उतरला होता.

निलेशनं पॅनल पाहिले आणि कपाळावर हात मारला. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो ना, तशी वाडीनं पॅनलची पूजा केलेली! काचेवर ओल्या हळदीचे लेप, त्यावर कुंकवाची हातभर स्वस्तिकं, वरून झेंडूच्या माळा. ऊन आत शिरणार कुठून?

"आजी, हे पुसावं लागेल," निलेश म्हणाला.

"येडा हायस का?" सरपंचांची आई कडाडली. "सवाष्णींनी लावलेलं कुंकू पुसत्यात व्हय?"

निलेशनं गुपचूप फडकं माझ्या हातात दिलं. वा रे इंजिनिअर! एरवी मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण हात आपोआप मंगळसूत्राकडं गेला आणि फडकं तसंच राहिलं.

मग शोभाबाई पाण्याची बादली घेऊन आल्या. विधवा म्हणून पॅनलच्या पूजेला त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

"माझं पुसताना कुणाचा हात नाय अडला. व्हा बाजूला."

त्या एकेक काच हातानं चोळून धूत गेल्या. मला माझीच भयंकर लाज वाटली. थोड्या वेळानं गिरणी घरघरली आणि पहिला डबा पुढं कुणी सरकवला? सरपंचांच्या आईनं! "शोभे, माझं आधी घे. बारीक दळ जरा."

लेणी राहिली ती राहिलीच. घरी नवऱ्यानं फोटो बघायला मोबाईल घेतला. फोटो एकच होता: शोभाबाईंचे हात, कोपरापर्यंत हळदीकुंकवानं माखलेले.

"कुणाच्या हळदीला गेली होतीस गं?"

"हळदीला नाही," मी म्हटलं. "या बाईला हळदीला कुणी बोलवत नाही."